शक्तीचा मुक्काम

अग्नी जाळतो, याविषयी कोणाचा मतभेद नाही. परंतु जाळण्याची म्हणून जी शक्ती आपण अग्नीच्या ठिकाणी मानतो, ती अग्नीहून वेगळी अशी एखादी वस्तू आहे, की अग्नीच्याच स्वरूपाकडे पाहण्याची ती आपली एक रीत आहे, या प्रश्नावर मीमांसक आणि नैयायिक यांनी शतकानुशतके जो वाद घातला, तो आजच्या वाचकाला निरुद्योगी पंडितांचा वाक्कलह वाटण्याचा पुष्कळ संभव आहे. मीमांसकांचा दाखला प्रसिद्ध आहे. विशिष्ट मणी जवळ आणून ठेवला, अथवा विशिष्ट मंत्र किंवा औषधी योजली, तर अग्नी डोळ्यांना जसाच्या तसा दिसत असताही हात भाजत नाही, आणि मणी दूर करताच भाजतो. ज्या अर्थी अग्नीचे रूप दोन्ही वेळा तेच आहे आणि कार्य मात्र एकदा घडते व एकदा घडत नाही, त्या अर्थी मणी येताच अग्नीतील काहीतरी कुंठित झाले असले पाहिजे, आणि ते जे न दिसणारे काहीतरी, तीच शक्ती. त्यांच्यातील प्राभाकर शाखेने तर तिला पदार्थांच्या मालिकेत स्वतंत्र आसन दिले. नैयायिकांनी, आणि त्यांतही उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत, ही फिर्याद मोठ्या हिकमतीने खारीज केली: दाहाच्या कारणांत जसा अग्नी, तसाच प्रतिबंधकाचा अभावही एक कारण म्हणून गणा, म्हणजे अदृश्य शक्ती कल्पिण्याचे गौरव, म्हणजे अनावश्यक कल्पनेचे ओझे, पत्करण्याचे प्रयोजनच उरत नाही.

हा वाद उकरून काढण्याचे निमित्त क्षुल्लक आहे, आणि गंभीर प्रश्नाला क्षुल्लक निमित्त लाभावे यात मला तरी काही वावगे वाटत नाही. टोकियोच्या निशिकासाई भागात, जेथे हिंदी संगणक-व्यावसायिकांची वस्ती इतकी वाढली आहे की मेथीची जुडी मिळवण्यासाठी आता तपश्चर्या करावी लागत नाही, तेथे राहणाऱ्या माझ्या भाच्याला 'सर्व्हायव्हल गेम' नामक जपानी खेळाचा छंद जडला आहे. विजेवर चालणारी खेळातील बंदूक त्याने घेतली. बॅटरी आणि चार्जर कोणता घ्यावा, येथे तो अडला. "मामा, दुकानदार म्हणतो 7.4 व्होल्टची पुरे. मित्र म्हणतात, 11.1 ची घे, बंदुकीत दम येतो. तुम्ही काय म्हणता?" माझी सारी नोकरी वीजखात्याच्या दप्तरांत गेल्यामुळे घरातले असले प्रश्न वहिवाटीने माझ्याकडेच येतात. पण 'बंदुकीत दम येतो' हे वाक्य वाचताच मला खात्याचे दप्तर आठवले नाही. आठवला तो वरील मणी. दम कोठून येतो, कशात राहतो, आणि बॅटरी बदलली म्हणजे नेमके काय बदलते, हे पाहिल्यावाचून भाच्याला उत्तर देणे म्हणजे एका पक्षाची कैफियतही न ऐकता निकाल देण्यासारखे झाले असते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा तपशील आवश्यक आहे. जपानात खऱ्या बंदुकीचा खासगी ताबा जवळजवळ निषिद्ध आहे, आणि कदाचित त्यामुळेच खोट्या बंदुकीची कला तेथे विलक्षण सूक्ष्मतेला पोचली आहे. 'टोकियो मारुई' या कारखान्याने 1991 मध्ये फ्रेंच सैन्याच्या 'फामास' रायफलीची जी प्रतिकृती बाजारात आणली, तिच्यापासून विजेच्या मोटरीवर चालणाऱ्या या बंदुकांचे युग सुरू झाले. त्याच 1991 मध्ये, त्याच देशात, 'सोनी'ने लिथियम-आयन बॅटरी प्रथम व्यापारी स्वरूपात विक्रीला आणली. खेळण्याची बंदूक आणि तिच्यात पुढे कधीतरी बसणारी बॅटरी या दोघींचा जन्म एका वर्षी व्हावा, हा योगायोग मला गमतीचा वाटतो, आणि त्यावर याहून अधिक काही रचण्याची माझी इच्छा नाही. बंदुकीतून सुटतो तो 6 मिलिमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा छर्रा. त्याच्या ऊर्जेवर 2006 च्या कायदेदुरुस्तीने हद्द घातली असून, ती या आकाराच्या छर्ऱ्यापुरती एका ज्यूलहून किंचित कमी भरते, म्हणजे एक-पंचमांश ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे शंभर मीटरांपलीकडे जाता कामा नये. मैदानावर खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बंदूक वेगमापकापुढे धरून रुजू करावी लागते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्यावाचून कोणालाही आत पाऊल टाकता येत नाही. छर्ऱ्याची खूण अंगावर उमटत नसल्याने, ज्याला लागला त्यानेच हात उंचावून 'हिट' असे ओरडावे आणि मुकाट्याने बाहेर पडावे, असा शिरस्ता आहे. पंच नाही, साक्षीदार नाही. आरोपीने स्वतःच गुन्हा कबूल करण्यावर उभा असलेला असा दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

बंदुकीसारख्या वस्तूशी खेळावेच का, असा आक्षेप घेणारे सज्जन आमच्या नात्यात आहेत, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. माझा विषय बंदूक नाही; तिच्या दांड्यात किंवा दस्त्यात निजलेली ती लहानशी चपटी पुडी आहे.

भाच्याच्या मित्रांचा समज असा, की अधिक व्होल्टची बॅटरी म्हणजे अधिक जोराचा बार. हा समज मुळातच खोटा आहे, आणि तो खोटा का आहे हे पाहताना शक्तीविषयीचा अर्धा प्रश्न आपोआप उलगडतो. या बंदुकीत वीज छर्ऱ्याला स्पर्शही करत नाही. चाप ओढला की मोटर फिरते, मोटर तीन दातेरी चाके फिरवते, त्यांपैकी शेवटचे चाक, ज्याला अर्ध्याच परिघावर दाते असतात, दट्ट्याला मागे खेचून त्यामागील स्प्रिंग दाबत नेते, आणि दाते संपताच दट्ट्या सुटून पुढे झेपावतो. त्याच्यापुढे कोंडलेल्या हवेचा जो झोत नळीत शिरतो, तो छर्ऱ्याला बाहेर फेकतो. छर्ऱ्याचा वेग ठरतो तो स्प्रिंगच्या ताठरपणावर, हवेच्या गळतीवर, नळीच्या लांबीवर आणि छर्ऱ्याच्या वजनावर. स्प्रिंग एकदा पूर्ण दाबली गेली, की ती 7.4 व्होल्टने दाबली की 11.1 ने, याची तिला गंधवार्ता नसते. बॅटरी बदलल्याने बदलते ती एकच गोष्ट: पुढचा बार किती लवकर निघतो. मूळच्या बंदुकीतून सेकंदाला बारा-पंधरा छर्रे सुटत असतील तर ते वीस किंवा त्याहून अधिक सुटू लागतात, चाप ओढताच उत्तर अधिक तत्परतेने येते, आणि ज्याला मित्रमंडळी दम म्हणतात तो हा. म्हणजे ज्या पुडीत दम आहे असे मानून ती विकत घ्यायची, तिच्यात आहे ती केवळ घाई.

आणि ही घाईसुद्धा बॅटरीची स्वतःची मिळकत नाही. ज्या गिअरबॉक्सची रचना सात निकेल-घटांच्या 8.4 व्होल्टसाठी झाली, त्याला 11.1 व्होल्ट दिले तर मोटर इतकी वेगाने फिरू लागते की दट्ट्या पुढे जाऊन स्थिरावण्यापूर्वीच चाकाचे दाते पुन्हा येऊन त्याला मध्येच पकडतात. दट्ट्याचे दाते खरवडले जातात, आणि बंदूक काही आठवड्यांत कारागिराच्या मेजावर जाते. उलट, अधिक ताठ स्प्रिंग, मजबूत धातूचे दाते आणि त्याच बेताची मोटर असलेल्या बंदुकीला तेच 11.1 व्होल्ट जेमतेम पुरतात. एकच बॅटरी एका घरी सामर्थ्य आणि दुसऱ्या घरी संहार ठरते. तेव्हा 'या बॅटरीत शक्ती किती' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या सहकारी कारणांच्या समवायात किती, असे विचारले पाहिजे. येथवर पाहिले तर उदयनाचार्यांचा पक्ष निर्विवाद वरचढ दिसतो. कारणसामग्री जुळली आणि प्रतिबंधक नसला की कार्य होते; वेगळी शक्ती बसवायला कोठे जागाच उरत नाही.

मीमांसक इतक्यावर गप्प बसणारा नव्हे. तो म्हणेल, दोन बॅटऱ्या घ्या. एक नवी, दुसरी तीन वर्षे राबलेली. दोघींनाही व्होल्टमापक लावा. दोघींचा आकडा एकच येईल. आता दोघींना पाळीपाळीने बंदुकीला जोडा. नवी बॅटरी मोटरला लागणारे दहा-वीस अँपिअर हसतमुखाने पुरवील, आणि जुनीचा व्होल्टचा आकडा चाप ओढताच असा कोसळेल की चाक अर्ध्यात थांबून स्प्रिंग दाबलेलीच राहील. प्रत्यक्ष दोघींचे सारखे, कार्य भिन्न. तेव्हा जे प्रत्यक्षात नाही पण कार्यात आहे असे काहीतरी दोघींत भिन्न असल्याचे अर्थापत्तीने मानणे भाग आहे. बॅटरीच्या वेष्टनावर 'सी' या अक्षराच्या मागे छापलेला आकडा या न दिसणाऱ्या वस्तूचीच जाहिरात करतो: 1300 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी 20 'सी' असली, तर ती एका दमात 26 अँपिअर देऊ शकेल अशी कारखानदाराची हमी असते. हमीच्या आकड्यांवर किती विसंबावे, हा भाग वेगळा. वीजखात्यात हमीपत्रांच्या फायली पाहून माझी श्रद्धा बरीच पातळ झालेली आहे, आणि भाच्याला मी सांगितले की छापलेल्या 'सी'च्या निम्म्यात आपले काम भागत असेल तरच ती बॅटरी आपली.

नैयायिकाचे उत्तरही तयार आहे, आणि गंमत अशी की ते देण्यासाठी त्याला आता रसायनशास्त्रज्ञाचे साहाय्य मिळते. जुन्या बॅटरीत अदृश्य असे काहीच कमी झालेले नाही. लिथियमचे आयन एका बाजूला ग्राफाइटच्या थरांत आणि दुसऱ्या बाजूला धातूच्या ऑक्साइडाच्या थरांत ये-जा करत असतात. चार्ज करताना ते ग्राफाइटात शिरतात, वापरताना परत जातात. वर्षानुवर्षांच्या या येरझाऱ्यांत ग्राफाइटावर एक कवच जाड होत जाते, काही लिथियम त्या कवचातच कायमचे अडकते, आणि आयनांची वाट बिकट होऊन आतला अवरोध वाढतो. ज्याला मीमांसक शक्तीचा ऱ्हास म्हणतो, तो या कवचाची जाडी होय. सूक्ष्मदर्शकाखाली धरा, दिसेल. शक्ती म्हणजे वस्तूची रचनाच, आणखी काही नाही. केवलानंद सरस्वतींनी वाईस बसून मीमांसाकोशाचे जे प्रचंड काम केले, त्याच्याविषयी पराकाष्ठेचा आदर बाळगूनही मला कबूल केले पाहिजे, की बुद्धीच्या दरबारात मी या मुद्द्यावर नैयायिकाच्या बाजूनेच कौल देतो.

परंतु बुद्धीचा दरबार हा एकच दरबार नाही. भाच्याने जिची चौकशी केली, त्या 7.4 व्होल्ट, 1300 मिलिअँपिअर-तासांच्या पुडीचा हिशेब मांडून पाहा. गुणाकार केला की साडेनऊ वॉट-तासांहून थोडे अधिक भरतात, आणि त्याचे ज्यूल केले तर चौतीस हजार सहाशेंच्या घरात जातात. ज्या देशाच्या कायद्याने छर्ऱ्याला एक ज्यूलसुद्धा पुरता दिला नाही, त्या देशात खेळाडूच्या पिशवीत, दाराशी, उशाशी, चौतीस हजार ज्यूल निर्धास्त निजलेले असतात, आणि त्यांच्यासाठी वेगमापक घेऊन कोणी उभा राहत नाही. छर्ऱ्याची ऊर्जा बाहेर पडते ती तोलून-मापून, दात्यादात्याने. बॅटरीतील ऊर्जा बाहेर पडायचे ठरवील तर ती एका मिनिटाच्या आत, ज्वालेच्या रूपाने पडेल. तिला आवरून धरणारा मणी कोणता? दोन थरांमध्ये ताणलेला, माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ असा सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा. हा मणी शास्त्रकारांच्या मण्याहून चतुर आहे, कारण तो सर्वच व्यवहार रोखत नाही; आयनांना वाट देतो आणि दोन थरांची थेट गाठ तेवढी पडू देत नाही. बॅटरी आपटली, खिळा शिरला, दांड्यात कोंबताना कोपरा दुमडला, किंवा प्रमाणाबाहेर चार्ज होऊन लिथियमचे सुईसारखे अंकुर त्या पडद्यातून आरपार गेले, तर मणी दूर झाला. मग आतील उष्णता आणखी उष्णतेला जन्म देते, आणि आतला द्रव जळाऊ असल्यामुळे पुढचे सांगण्याची गरज नाही. प्राचीनांनी मण्याचा प्रभाव निष्फळ करणाऱ्या 'उत्तेजका'चीही कल्पना केली होती: मणी आहे, पण उत्तेजकही आहे, म्हणून दाह होतोच. भीमाचार्य झळकीकरांच्या न्यायकोशाची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संस्कारिलेली आणि भांडारकर संस्थेने 1928 मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत ज्यांच्या घरी असेल त्यांनी ही पारिभाषिक मंडळी तेथे अवश्य भेटून घ्यावी. लिथियमच्या बॅटरीची सुरक्षा-पत्रिका वाचताना मला त्यांची वारंवार आठवण झाली.

येथे ग्रीकांचा एक जुना वाद थोडक्यात सांगावासा वाटतो. मेगारा येथील काही तत्त्वज्ञांचे म्हणणे असे होते, की वस्तूच्या ठिकाणी शक्ती असते ती ती कार्य करत असेल तेवढ्यापुरतीच. जो गवंडी या घटकेला भिंत बांधत नाही, त्याला या घटकेला बांधण्याची शक्ती नाही. अॅरिस्टॉटलने त्यांना विचारले, की मग डोळे मिटलेला माणूस दिवसातून कित्येक वेळा आंधळा होतो की काय? अॅरिस्टॉटलचा हा उपहास तर्कदृष्ट्या पुरेसा आहे. पण ज्या माणसाला मेगारी मताची बाधा खरोखर झाली आहे त्याला तो पटणार नाही, आणि अशी बाधा झालेली माणसे आज ग्रंथांत सापडत नसून घरोघर सापडतात. रविवारी खेळ संपला, चाप सुटला, की बॅटरी त्यांच्या लेखी निर्जीव वस्तू होते. ती बंदुकीला जोडलेलीच राहते, पूर्ण भरलेली राहते, उन्हात मोटारीत राहते, उघड्या टोकांनिशी किल्ल्यांच्या जुडग्यात राहते. ज्या क्षणी कार्य नाही त्या क्षणी शक्ती नाही, असा त्यांच्या वर्तनाचा सिद्धांत असतो, मग तो त्यांनी कधी उच्चारलेला असो वा नसो.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की वस्तूचे वर्णन करताना नैयायिक व्हावे आणि वस्तू बाळगताना मीमांसक. शक्ती म्हणून वेगळा पदार्थ नसेलही. पण ज्याच्या ताब्यात ती वस्तू आहे त्याने तो आहे असे धरूनच वागले पाहिजे, कारण त्याचे कर्तव्य कार्याच्या क्षणी सुरू होत नाही, आणि कार्य थांबल्याने ते तहकूबही होत नाही. जपानी मैदानावरचा शिरस्ता ज्याला छर्रा लागला त्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी घेतो, आणि ती कसोटी निःसंशय सुंदर आहे. तथापि ती चाप ओढल्यानंतरची आहे, आणि तिला निदान समोरचा माणूस तरी हजर असतो. बॅटरी बाळगणाऱ्याची कसोटी सोमवार ते शनिवार, कोणीही समोर नसताना चाललेली असते.

चार्जरचा प्रश्न याच दृष्टीने पाहिला म्हणजे त्याची योग्यता कळते. दुकानात बॅटरीवर पैसे खर्चून चार्जर मात्र सर्वांत स्वस्त घेण्याची वृत्ती सार्वत्रिक आहे, आणि माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. मीमांसकांना अपूर्वाची कल्पना ज्या अडचणीतून सुचली तीच अडचण येथे आहे: याग आज केला आणि संपला, फल कालांतराने मिळायचे, तर मधल्या काळात त्या दोहोंना सांधणारे काहीतरी टिकून राहिले पाहिजे. शनिवारी रात्री भरलेली वीज रविवारी सकाळी मैदानावर फलते, आणि मधल्या रात्री ती जेथे असते ते बॅटरीचे अपूर्व. इतकेच, की यज्ञाचे अपूर्व फल देईपर्यंत झिजत नाही असे शास्त्र सांगते, आणि साध्या निकेल-धातू-हायड्राइड बॅटरीचे अपूर्व महिन्याभरात आपोआप बरेच ओसरते. आता याग विधीबरहुकूम झाला की नाही हे पाहणारा जो ऋत्विज, तो चार्जर. आणि त्याची खरी विद्या वीज देण्यात नसून कोठे थांबावे हे ओळखण्यात आहे. निकेलच्या बॅटरीचा स्वभाव असा, की ती भरत आली म्हणजे तिचा व्होल्टेज चढता चढता शिखरावर जाऊन किंचित खाली घसरतो. ही सूक्ष्म घसरण टिपून जो चार्जर थांबतो तो जाणता. थोडे अधिक झालेच, तर ती बॅटरी तापून तक्रार करते, पण बहुधा सहन करते. लिथियमच्या घटाला ही सहनशीलता मुळीच नाही. प्रत्येक घट 4.2 व्होल्टला आणून तेथेच रोखून धरायचा, प्रवाह हळूहळू कमी होत जाऊ द्यायचा, आणि मग थांबायचे. तो कधीही खाली घसरून खूण करणार नाही, आणि त्या खुणेची वाट पाहत बसणारा निकेलचा चार्जर त्याला जोडला, तर वाट पाहता पाहता घर पेटेल. लिथियम-लोह-फॉस्फेट नावाचा जो तिसरा, काहीसा शांत प्रकृतीचा प्रकार आहे, त्याचीही सीमा निराळी, 3.6 व्होल्टची. अधिकारभेद ओळखल्यावाचून दीक्षा देणाऱ्या गुरूविषयी आपल्या परंपरेने जे कठोर शब्द वापरले आहेत, ते सर्व अशा चार्जरला लागू आहेत.

दोन-तीन घटांच्या पुडीत आणखी एक प्रश्न येतो, तो समतेचा. एकत्र जोडलेल्या घटांपैकी एखादा जरा लवकर भरतो, एखादा मागे राहतो; एकूण बेरीज बरोबर दिसत असताना आत एकाच्या डोक्यावर अधिक भार चढलेला असतो. यासाठीच लिथियमच्या पुडीला मुख्य तारांखेरीज एक लहान पांढरा जोड असतो, ज्यातून घटांच्या संख्येहून एक अधिक अशा बारीक तारा निघतात, आणि चांगला चार्जर त्यांच्याद्वारे प्रत्येक घटाची स्वतंत्र झडती घेऊन सर्वांना एका पातळीवर आणतो. बेरजेवर समाधान मानणारे कारभारी मी नोकरीत पुष्कळ पाहिले. त्यांच्याविषयी येथे लिहिण्याचा मोह आवरतो.

भाच्याला मी जे लिहून पाठवले ते, सारे तत्त्वज्ञान वगळले तर, फार थोडे होते. बंदूक मूळ बांधणीची आहे, तेव्हा 7.4 व्होल्टची दोन घटांची पुडी घे. ती पूर्ण भरली म्हणजे तिचे नेमके 8.4 व्होल्टच होतात, आणि कारागिराच्या मूळ बेताशी तिचे जमते. आकार दांड्यात सैल बसेल असा पाहा. शेवटचा इंच कोंबावा लागत असेल तर ती बॅटरी आपली नव्हे. प्रत्येक घटाकडे स्वतंत्र पाहणारा आणि प्रकार निवडता येणारा चार्जर घे, बॅटरीहून महाग पडला तरी घे. 1300 ची बॅटरी 1.3 अँपिअरने भर. घाई करू नकोस, तास-दीड तास तिथेच बस, आणि झोपायला जायच्या वेळी भरायला लावू नकोस. खेळताना कोणताही घट 3 व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नकोस. लिथियम मरताना निकेलसारखे धापा टाकत नाही, म्हणून व्होल्टची सूचना देणारा लहानसा भोंगा पांढऱ्या जोडाला लावता येतो तो लाव. फ्यूज काढून तेथे सरळ तार जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या मित्राच्या हाती बंदूक देऊ नकोस. आणि खेळ संपल्यावर प्रत्येक घट 3.8 व्होल्टच्या आसपास आणून, बंदुकीपासून सोडवून, आगीला न जुमानणाऱ्या पिशवीत ठेव. पूर्ण भरलेली लिथियमची बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर ती आतून झिजते, आणि पूर्ण रिकामी ठेवली तर पुन्हा उठत नाही. अर्धी भरलेली ही तिची विश्रांतीची अवस्था आहे. पूर्णत्व तिला फार वेळ सोसत नाही, हे वाचून भाच्याने "मामा, यातही तुमचे काहीतरी असेलच" असे उलट लिहिले. पण यात खरोखरच माझे काही नाही, हे निव्वळ रसायन आहे.

मात्र त्याच उत्तरात त्याने जी नवी अडचण कळवली, तिने मला निरुत्तर केले. बंदूक त्याने दुसऱ्याच्या हातची घेतली होती, आणि तिच्यासोबत एक जुनी लिथियमची पुडीही आली होती, जी आता उशीसारखी फुगली आहे. आत वायू साठला आहे. बंदुकीला जोडली तर चाक हलतही नाही, म्हणजे ज्या कार्यासाठी ती निर्माण झाली ते कार्य तिच्या हातून होणे नाही. नैयायिकाच्या हिशेबी ती आता बाराचे कारणच नव्हे. परंतु जाळण्याच्या कार्याला तिच्यात पुरेसा ऐवज शिल्लक आहे, आणि मणी तेथे आता इतका जीर्ण आहे की त्याच्यावर विसंबणे म्हणजे वेडेपणा. एका वस्तूत एकाच कार्याची एकच शक्ती नसून कार्यागणिक निराळ्या शक्ती असतात, असे मीमांसकाला म्हणता येईल. एक गेली, एक राहिली. नैयायिक म्हणेल, रचनेचा एक भाग मोडला, दुसरा अजून मोडायचा आहे. दोघेही आपापल्या जागी सुसंगत आहेत, आणि पुडी मात्र बाल्कनीत, टोकांना चिकटपट्टी लावून, मातीने भरलेल्या कुंडीत, कपड्यांच्या दोरीपासून दूर ठेवलेली आहे. जपानात कचऱ्याच्या गाड्यांना अशाच बॅटऱ्यांनी आगी लावल्याचे प्रकार वारंवार घडतात. त्यामुळे त्या नेहमीच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, आणि कोणत्या वस्तू कोठे स्वीकारायच्या याचे नियम गावोगावच्या नगरपालिकांचे निरनिराळे आहेत. नैयायिकाने या पुडीला काय म्हणावे हे मला सुचते, मीमांसकाने काय म्हणावे हेही सुचते. निशिकासाई ज्यात मोडते त्या एदोगावाच्या वॉर्ड कचेरीने काय म्हटले, ते भाच्याचे पुढचे पत्र आले म्हणजे कळेल.